पुसलेली हाक

माणसाचा चेहरा पुसायला फारसा वेळ लागत नाही. तोंडाभोवती एक लंबगोल ओढायचा, माणूस हलेल तसा तो लंबगोल त्याच्यामागे चालवायचा, की झालं काम. आवाज पुसणं त्याहून सोपं. हे ज्याला पोटापाण्यासाठी करावं लागे, त्याला पोलिसांच्या कचेरीत सगळे शूटिंगवाला म्हणत. पोलिसांच्या कचेरीत असं नाव ऐकून नवखा माणूस दचकायचा, आणि मग कोणीतरी त्याची समजूत घालायचं, "अहो, बंदुकीचं नाही, लग्नातलं."

कारण आधीचं अर्धं आयुष्य त्याने लग्नांचे व्हिडिओ काढण्यात घालवलं होतं. खांद्यावर कॅमेरा, मागे दिव्याच्या वायरचा गुंता, आणि डोक्यात एकच धसका, कोणाचा चेहरा राहायला नको. नवरा-नवरी एक वेळ राहिले तरी चालतील, त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नसतंच. पण नवऱ्याची मावशी राहिली तर संपलं. मावशीबाई पूर्ण व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून बघणार, स्वतःला शोधणार, आणि सापडल्या नाहीत तर पुढे महिनाभर त्याच्या फोनला उसंत नाही. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, मावशीबाई स्वतःच स्वतःचे फोटो काढू लागल्या आणि त्याचा धंदा बसला. बायकोच्या शिलाई मशीनवर घर चाललं होतं त्या दिवसांत पोलिसांच्या नव्या कक्षात व्हिडिओची काटछाट जाणणारा माणूस हवा असल्याचं त्याला कळलं. नोकरी कंत्राटी होती, पण होती.

शिपायांच्या छातीवर तेव्हा नुकतेच छोटे कॅमेरे आले होते. कुठे काही वेडंवाकडं घडलं, कोणी जखमी झालं, कोणी मेलं, तर तो व्हिडिओ लोकांसाठी खुला करायचा, असा कायदा झाला होता. पण खुला करायचा म्हणजे आहे तसा नाही. शेजारून जाणाऱ्या माणसाचा चेहरा, लहान मुलं, उघड्या दारातून दिसणारं कोणाचं घर, गाडीचा नंबर, पत्ता, आणि ज्याचा त्या भानगडीशी संबंध नाही अशा माणसाचं नाव, हे सगळं झाकायचं. तक्रार करणाऱ्याचं नाव तर काहीही झालं तरी झाकायचंच. जन्मभर ज्याने एकही चेहरा निसटू दिला नाही, त्याला आता सगळे चेहरे घालवायचे होते. सुरुवातीला त्याचं त्यालाच हसू यायचं.

कचेरीतली जुनी अडगळीची खोली त्याला मिळाली होती. खिडकी नाही. एसी होता, पण तो गळायचा, म्हणून खाली बादली. दोन पडदे, एक खुर्ची, आणि हेडफोन. हेडफोनच्या गाद्यांचा भुगा व्हायला लागला तेव्हा बायकोने उरल्यासुरल्या कापडाची खोळ शिवून दिली होती, फुलाफुलांची. ती घालून तो दिवसभर लोकांची भांडणं, रडणं आणि आरडाओरडा ऐकत बसायचा.

आवाज झाकायची पहिली पद्धत म्हणजे त्या जागी एक पिपाणीसारखा सूर टाकायचा. पण मग गंमत व्हायला लागली. एका म्हाताऱ्या आजोबांनी पोलिसांना शांतपणे आपला पत्ता सांगितला होता, आणि व्हिडिओत ते ऐकताना आजोबा पोलिसांना अर्वाच्य शिव्या देताहेत असं लोकांना वाटलं. आजोबांचे जावई कचेरीत येऊन तणतणून गेले. तेव्हा कक्षाच्या प्रमुख मॅडमनी ठरवलं की सूर बंद, नुसती शांतता ठेवायची. ठरवताना कोणाला काही वावगं वाटलं नाही. शांततेला कोण शिवी म्हणणार?

आणि त्यानंतर तो लिफ्टवाला मेला.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा, मध्यम वयाचा, अंगात निळा डगला आणि खिशात स्क्रू-ड्रायव्हर असलेला साधा माणूस. त्याला मधुमेह होता. त्या दिवशी साखर एकदम खाली गेली. साखर उतरली की माणूस झिंगल्यासारखा वागतो, बरळतो, हातपाय ऐकत नाहीत. हे ज्याला माहीत नाही त्याला तो प्यायलेलाच वाटणार. ज्याने आयुष्यभर लिफ्ट नेमक्या मजल्यावर थांबवल्या, तो त्या दुपारी एका इमारतीत चुकीच्या मजल्यावर उतरला आणि दिसेल ते दार बडवत सुटला. "उघड, उघड," एवढंच ओरडत होता. कोणीतरी पोलिसांना फोन केला. दोन पोलीस आले, त्यांनी त्याला धरलं, तो हिसडे द्यायला लागला, तेव्हा जिन्याजवळ पालथा पाडून हात मागे बांधले, वर गुडघा ठेवला. थोड्या वेळाने तो हलायचा थांबला. पोलिसांना आधी वाटलं, शांत झाला.

हा व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे आला.

कॅमेरा छातीवर असल्यामुळे शेवटी भिंत आणि जिन्याच्या पायऱ्याच दिसत होत्या. दिसायला काही भयंकर नव्हतं. जे होतं ते सगळं कानांना होतं. अगदी सुरुवातीला, पोलीस गाडीतून उतरताना, वायरलेसवर बाई सांगत होती की तक्रार कोणी केली, कितव्या मजल्यावरून केली. एका बाईचं नाव. ते त्याने पुसलं. मग मध्ये, धरपकड चालू असताना, एक शिपाई लिफ्टवाल्याला दरडावत होता, "गप पड. वरच्या बाईने फोन केलाय तुझ्यासाठी." वरच्या बाईने, एवढं पुसलं. आणि अगदी शेवटी, सगळा आरडाओरडा संपल्यावर, लिफ्टवाल्याने एक नाव घेतलं. ओरडून नाही. साध्या आवाजात. त्यानंतर त्याच्या तोंडून काही आलं नाही.

खासगी व्यक्तीचं नाव. नियमाप्रमाणे पुसायचं. शूटिंगवाल्याचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं, कारण हे नाव त्याने थोड्याच वेळापूर्वी पुसलं होतं. वायरलेसवरचं आणि हे, एकच नाव.

एका नावाच्या दोन बाया असतात, त्याने स्वतःला समजावलं. मग मॅडमनी सहज सांगितलं की मेलेल्याची धाकटी बहीण त्याच इमारतीत राहते, एकटीच असते, तिला व्हिडिओ आधी दाखवायला बोलावलं होतं पण "मला बघवणार नाही" म्हणाली. मॅडम नेहमी तयार झालेला व्हिडिओ बघत, कच्चा नाही, त्यामुळे त्यांच्या लक्षात काही आलं नाही. शूटिंगवाल्याच्या मात्र आलं. बहिणीनेच पोलीस बोलावले होते. भावाला तिच्याच दाराशी जायचं होतं, आणि मजला चुकला होता.

त्याने ते नाव पुसलं. पुसताना त्याच्या हातून एक चूक झाली. ती पोलिसांत मुरलेल्या माणसाकडून झाली नसती. लग्नाच्या व्हिडिओत सनईचा तुकडा कापायचा तर कोणी नेमका कापत नाही, दोन्ही बाजूंना थोडी ढील ठेवतो, म्हणजे खटका बसत नाही. हाताला तीच सवय. त्याने नावाच्या अलीकडची आणि पलीकडचीही ढील घेतली. पलीकडच्या ढिलीत फक्त एक श्वास होता. तोही गेला.

व्हिडिओ खुला झाला आणि गावभर ती शांतता पसरली. लोकांनी धरपकड पाहिली, शिव्या ऐकल्या, आणि मग सगळे त्या शेवटच्या कोऱ्या जागेवर येऊन थांबले. कचेरीने खुलासा केला की तिथे एका खासगी व्यक्तीचं नाव गाळलं आहे, बाकी काही नाही. पण जागा होती लांब. एका नावाला एवढा वेळ लागत नाही, हे लहान पोरालाही कळत होतं. तिथे तो म्हणाला असेल, मला साखर आहे. म्हणाला असेल, श्वास कोंडतोय. म्हणाला असेल, साहेब मी तुम्हाला ओळखतो. प्रत्येकाने आपापला मरणारा माणूस त्या जागेत बसवला. शूटिंगवाल्याच्या न्हाव्याने तर त्याच्याच मानेवर वस्तरा धरून सांगितलं, "दाबलंय हो काहीतरी. ज्याने कापलं ना, त्याला झोप कशी लागते?"

मूळ फीत चौकशीसाठी सीलबंद झाली. आता ते नाव त्या जिन्यावरच्या दोन शिपायांनी ऐकलेलं, आणि त्यांनी धांदलीत काही ऐकू आलं नाही असा जबाब दिला होता. तिसरा शूटिंगवाला.

त्याच्या कानातून ते जाईना. काम करताना कापलेल्या जागेच्या कडा तपासाव्या लागतात, त्यासाठी त्याने ते पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, आणि आता ते आपलं आपण वाजायचं. नळ सोडला की वाजायचं. बायकोच्या मशीनची घरघर थांबली की त्या थांबलेल्या जागेत वाजायचं. त्याच नावाची एक बाई बायकोकडे कपडे शिवायला टाकायची. बायकोने एकदा तिला दारातून नावाने हाक मारली आणि हा समोरचं ताट तसंच टाकून जिना उतरून रस्त्यावर गेला. डाव्या हाताच्या बोटाला एक खोड जडली होती. कोणीही कोणाचंही नाव घेतलं की बोट मांडीवर, टेबलावर, असेल तिथे टेकायचं, आवाज बंद करायचं बटण दाबल्यासारखं. हळूहळू तो स्वतःच नावं घ्यायचा थांबला. बायकोला कळलंच नाही, नवरे एरवीही "अगं" वरच संसार करतात. पण मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मला हल्ली नावाने हाकच मारत नाही."

"मारतो की."

"मारा बघू."

त्याने तोंड उघडलं आणि ते नाव तोंडात आलं. मुलीचं नाही, ते. तो काहीतरी कारण काढून उठला. त्याला भीती वाटली, आणि ती कशाची, हे त्याला सांगता आलं नसतं.

सगळ्यात वाईट हे होतं की ते नाव कधी एकसारखं वाजत नसे. कधी ती घरातली हाक असायची, आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात मारतात तशी, येतेस का जरा, अशी. आणि कधी तो प्रश्न असायचा. वरच्या बाईने फोन केला, हे शिपायाने त्याला सांगितलं होतं. वर कोण राहतं, हे त्याला माहीत होतं. तेव्हा कळून, चकित होऊन घेतलेलं नाव: तू? शूटिंगवाला सकाळी एक ऐकायचा आणि दुपारी दुसरं. एवढ्या वेळा ऐकून त्या नावाचा पार चोथा झाला होता.

मग ती स्वतः आली.

चाळिशीच्या आतबाहेरची, खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले. मॅडमच्या खोलीत बसली होती. तांत्रिक माहिती द्यायला मॅडमनी शूटिंगवाल्याला बोलावलं. तो दारात पोचतोय तोच मॅडमनी विचारलं, "आपलं नाव?" आणि तिने सांगितलं.

फितीत त्याने ते दोन आवाजांत ऐकलं होतं. वायरलेसवाल्या बाईच्या आणि भावाच्या. आता ते तिसऱ्या आवाजात, जिचं होतं तिच्याच तोंडून आलं. त्याने दाराची चौकट धरली. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं.

मॅडम चांगल्या बोलल्या. मूळ फीत आता त्यांनाही उघडता येणार नाही, चौकशी संपेपर्यंत थांबावं लागेल, किती ते सांगता येत नाही. तिथे फक्त एक नाव आहे.

"एका नावाला एवढा वेळ?" ती म्हणाली.

मॅडमनी शूटिंगवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोन्ही बाजूंना जास्त कापलं गेलं. माझ्या हातून. त्यात दुसरं काही नाही. नुसता श्वास आहे."

"कोणाचा?"

मॅडमनी तिला पाणी दिलं, ती ते प्यायली आणि गेली.

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तो रोजच्यासारखा समोरच्या बसथांब्यावरच्या बाकावर गेला तर ती तिथे बसलेली. पळून जावं असं वाटलं त्याला. पण डबा हातात घेऊन पळणारा माणूस फार वाईट दिसतो. तो बसला.

"मी चष्म्याच्या दुकानात असते," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "नंबर तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं. मी नाव सांगितलं तेव्हा तुमचे डोळे बघितले मी."

त्याने डबा उघडलाच नाही.

"फोन मी केला होता," ती म्हणाली. "कोणालाही सांगितलेलं नाही. आमच्याकडे सगळे म्हणतात, ज्याने फोन केला त्याच्या हाताला किडे पडोत. मी पण म्हणते त्यांच्याबरोबर. काय करू?" ती थांबली. "धुण्याचं मशीन चालू होतं. खाली कोणीतरी दार बडवत होतं. पिऊन आलाय वाटलं. आवाज ओळखू आला नाही हो मला. माझ्या भावाचा आवाज. दादा संध्याकाळी येणार होता. मला वाटलं, तो यायच्या आत ह्याला कोणी घेऊन गेलं तर बरं, उगाच दादा त्याच्याशी भांडत बसेल."

एक बस आली, दार उघडून थांबली आणि कोणी चढत नाही असं बघून गेली.

"त्यात माझं नाव होतं ना?"

शूटिंगवाल्याने कचेरीकडे पाहिलं. एक शब्द बाहेर गेला तर नोकरी जाणार होती, आणि सीलबंद पुराव्याबद्दल बोलला म्हणून वर आणखी काय काय झालं असतं ते वेगळंच. पण खरं सांगायचं तर तो त्यामुळे थांबला नव्हता. शिपायाचं ते वाक्य त्याला आठवत होतं. वरच्या बाईने फोन केलाय. ते तिला माहीत नव्हतं, आणि तिने त्याबद्दल विचारलेलं नव्हतं.

"होय," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले नाहीत, रडलीही नाही. नुसती पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

"कसं घेतलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कसं. रागावून? त्याला कळलं होतं का, की मी... ओरडला का माझ्यावर?"

"ओरडले नाहीत."

"मग कसं? तुम्ही सांगू नका, मला सांगून नाही कळणार. मी जन्मल्यापासून ऐकलंय त्याला. तुम्ही नुसतं तसं म्हणून दाखवा. मी ओळखेन."

त्याला वाटलं, हिला काय मागतोय आपण हे कळत नाहीये. ज्याला स्वतःच्या मुलीचं नाव घेता येत नाही त्याच्याकडे ही हे मागते आहे. आणि कोणतं म्हणून दाखवायचं? हाक म्हणून दाखवली तर ही घरी जाईल आणि कदाचित झोपेल. प्रश्न म्हणून दाखवला तर ही मरेपर्यंत त्या जिन्यावर उभी राहील. त्याने मनापासून आठवायचा प्रयत्न केला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. नसता उपकार करायचा नव्हता. जसं होतं तसं, एवढंच. डोळे मिटले, भिंत दिसली, पायऱ्या दिसल्या, आरडाओरडा संपला. डावं बोट बाकाच्या लाकडावर टेकलं होतं, ते त्याने उजव्या हाताने उचलून धरलं.

आणि तिचं नाव घेतलं. साध्या आवाजात. आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात मारतात तसं.

ती समोर रस्त्याकडे बघत होती. तिचं तिलाही कळलं नसेल इतक्या सहज तिच्या तोंडून निघालं, "ओ."

पुढची बस आली आणि गेली, तरी ती उठली नाही. शूटिंगवालाही उठला नाही. भावाने ते नाव खरोखर कसं घेतलं होतं, हे तो पुन्हा आठवून बघत होता, आणि त्याला आता फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता.